तांबड्या शाईची अक्षरे

इसवी सन ७६२ मध्ये वांग बिंग या चिनी विद्वानाने एका प्राचीन वैद्यकग्रंथाची सुधारित संहिता पूर्ण केली. बारा वर्षे तो या कामात गुंतला होता. ग्रंथाचे नाव ‘ह्वांगदी नेइजिंग’, म्हणजे पीतसम्राटाचा अंतर्ग्रंथ. आणि वांग बिंगने हाती घेतला होता तो त्याचा ‘सू-वन’ हा भाग. चिनी वैद्यकात या ग्रंथाचे स्थान साधारणपणे आपल्याकडील चरकसंहितेसारखे आहे. वांग बिंगच्या हाती आलेल्या पोथ्यांची अवस्था मात्र दयनीय होती. कुठे एकच प्रकरण दोनदा आले होते, कुठे दोन प्रकरणे एकमेकांत मिसळली होती, कुठे मजकूर तुटला होता. त्याने प्रकरणांचा क्रम नव्याने लावला, तुटलेले दुवे जुळवले आणि गुरुस्थानी मिळालेल्या एका प्रतीच्या आधारे उणीव भरून काढली. हे सर्व केल्यानंतर प्रस्तावनेत त्याने एक गोष्ट आवर्जून नोंदवली: आपण घातलेली अक्षरे तांबड्या शाईने लिहिली आहेत, जेणेकरून जुने आणि नवे यांची सरमिसळ होऊ नये. मराठी वाचकाला येथे एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेल्या ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पूज्य ग्रंथाला हात लावताना वाटणारी धास्ती आणि हात न लावला तर ग्रंथच हरवेल ही चिंता, दोन्ही ठिकाणी सारखीच आहे.

पुढे या संहितेच्या नकला होत गेल्या. अकराव्या शतकात सोंग राजवटीने जुन्या वैद्यकग्रंथांच्या संशोधनासाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन केले. तेथील विद्वानांनी वांग बिंगची संहिता पुन्हा तपासली आणि ती लाकडी ठशांवरून छापली गेली. या प्रवासात तांबडा रंग नाहीसा झाला. आज आपल्यापुढे असलेल्या ‘सू-वन’मधील सगळी अक्षरे काळी आहेत. त्यातील सात दीर्घ प्रकरणे वांग बिंगनेच समाविष्ट केली असावीत, असे अभ्यासक मानतात. पण इतरत्र त्याची लेखणी नेमकी कोठे फिरली, हे ठरवणे अवघड होऊन बसले आहे. हे अटळ होते असेही नाही. इसवी सन ५०० च्या सुमारास थाओ होंगजिंग याने वनौषधींच्या मूळ ग्रंथाचा मजकूर तांबड्या आणि पुढची भर काळ्या शाईत लिहिली होती. सोंगकालीन मुद्रकांनी तो भेद काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे कोरून जपला. म्हणजे भेद जपण्याची इच्छा असेल तर साधन सापडते.

चिनी वैद्यकातील कल्पना आधुनिक माणसाने आपल्या रोजच्या जीवनात कशा आणाव्यात, हा प्रश्न आज जगभर विचारला जातो. त्याची उत्तरे बहुधा वैद्य देतात किंवा विक्रेते देतात. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात बोलण्याचे कारण एवढेच की, हा प्रश्न मुळात वाचनाचा आहे. ‘पाच हजार वर्षांची परंपरा’ म्हणून जे समोर येते त्यातील तांबडी अक्षरे कोणती आणि काळी कोणती, हे न विचारता आपण त्या परंपरेप्रमाणे जगू लागलो तर काय होते, आणि ते विचारले तर काय हाती लागते, हे काही प्रसंगांच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

‘सू-वन’च्या दुसऱ्याच प्रकरणात चार ऋतूंत माणसाने कसे राहावे हे सांगितले आहे. वसंतात उशिरा निजावे, लवकर उठावे, केस मोकळे सोडून अंगणात सावकाश फिरावे; या ऋतूत द्यावे, हिरावून घेऊ नये. ग्रीष्मात दिवसाच्या लांबीला कंटाळू नये आणि रागाला थारा देऊ नये. शरदात कोंबड्याबरोबर निजावे व उठावे, मन आवरून घ्यावे. हिवाळ्यात लवकर निजावे, उशिरा उठावे, सूर्य वर येण्याची वाट पाहावी. याच प्रकरणाच्या शेवटी तो प्रसिद्ध दृष्टान्त येतो: रोग जडल्यावर औषध देणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायला घेणे आणि लढाई जुंपल्यावर शस्त्रे घडवायला बसणे होय. शहाणा माणूस अजून न झालेल्या रोगावर उपचार करतो.

आपल्या ऋतुचर्येची सवय असलेल्या वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल. पण एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. या प्रकरणात ऋतूनुसार कोणते औषध घ्यावे वा कोणता पदार्थ खावा, याविषयी काहीही सांगितलेले नाही. निजणे, उठणे, चालणे आणि मनाची वृत्ती यांवरच सारा भर आहे. ‘यांगशेंग’ या शब्दाचा अर्थच मुळी जीवनाचे पोषण असा आहे. या जीवनपोषणाचा जो एक जुना आणि आदरणीय पाठ, त्यात गिळण्याची एकही वस्तू नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अर्थात हा उपदेश कोणाला उद्देशून होता, हेही विचारले पाहिजे. सूर्य वर येईपर्यंत अंथरुणात राहण्याची मुभा शेतकऱ्याला कितपत होती? ग्रंथात संवाद चालतो तो सम्राट आणि त्याचा मंत्री यांच्यात. ज्याला स्वतःच्या वेळेवर हुकमत आहे त्याचे हे शास्त्र आहे.

आजच्या नोकरदार माणसाला ही हुकमत नाही. रात्री अकरापर्यंत दिव्याखाली काम करणाऱ्याला हिवाळ्यात लवकर निजण्याचा उपदेश करून काय उपयोग? मग आचार सुटतो आणि त्याच्या जागी पदार्थ येतो. थर्मासमधील गरम पाण्यात गोजीची सुकलेली तांबडी फळे टाकून ते दिवसभर घोट घोट पिणारा प्रौढ माणूस हा चीनमध्ये २०१७ च्या सुमारास विनोदाचा विषय झाला. विनोदात करुणाही होती, कारण हसणारे तरुण पुढे स्वतःच थर्मास बाळगू लागले. झोप विकत घेता येत नाही. फळे घेता येतात. परंपरेचा आधुनिक जीवनात होणारा प्रवेश पुष्कळदा या दाराने होतो.

तरीही पदार्थांचा हा सोस केवळ आजचा आहे असे मानण्याचे कारण नाही. अठराव्या शतकात छाओ श्वे-छिन याने लिहिलेल्या ‘लाल महालाचे स्वप्न’ या महाकादंबरीत औषधे ही जवळजवळ पात्रांसारखी वावरतात. बाओ-छाय या नायिकेच्या ‘शीतसुगंधी’ गोळ्यांसाठी चार ऋतूंतील चार पांढऱ्या फुलांचे केसर लागतात. शिवाय ठरावीक पर्वदिवसांचे पावसाचे पाणी, दव, दहिवर आणि बर्फही हवे. हे सारे जुळून येण्यासाठी किती वर्षे थांबावे लागेल, यावर पात्रेच आश्चर्य व्यक्त करतात. हीच बाओ-छाय क्षयाने झिजणाऱ्या दाय-यूला सांगते की, तुझ्या काढ्यात उष्ण द्रव्ये फार आहेत. त्यापेक्षा रोज सकाळी हलकी, पौष्टिक पेज घेत जा. एकाच घरात, एकाच स्त्रीच्या तोंडी, अद्भुताला शोभेल असे औषध आणि स्वयंपाकघरातले शहाणपण शेजारी शेजारी नांदते. लेखक कोणाचीही बाजू घेत नाही. दाय-यू वाचत नाही, एवढेच आपल्याला कळते.

लू शुन याने मात्र बाजू घेतली. त्याचा जन्म १८८१ चा, शाओशिंग येथील. वडिलांच्या आजारपणात हा मुलगा एका काउंटरवर घरातल्या वस्तू गहाण टाकी आणि मिळालेले पैसे घेऊन औषधाच्या दुकानाच्या काउंटरपुढे उभा राही. १९२६ मध्ये लिहिलेल्या ‘वडिलांचा आजार’ या आठवणीत त्याने त्या औषधांची यादी दिली आहे. तीन वर्षे दहिवर खाल्लेला ऊस हवा. रातकिड्यांची जोडी हवी, आणि तीही मूळची, पहिल्यापासून एकत्र राहिलेली. वडिलांना जलोदर झाला होता. चिनी भाषेत पोटाच्या या सुजेला ‘ढोल-सूज’ म्हणत. म्हणून फाटक्या ढोलाच्या कातड्याच्या गोळ्या देण्यात आल्या. ढोल फुटला की सूज उतरेल, असा हिशेब. १८९६ मध्ये वडील वारले. लू शुन पुढे जपानला गेला आणि १९०४ मध्ये सेंदाई येथे आधुनिक वैद्यक शिकू लागला. ते सोडून तो लेखक झाला, हे सर्वश्रुत आहे. जुन्या वैद्यांविषयीचा त्याचा निकाल कठोर होता: जाणूनबुजून असो वा नकळत, ते फसवणूकच करतात.

फाटक्या ढोलाच्या या गोळीत साहित्याच्या अभ्यासकाला एक परिचित दोष दिसतो. सुजलेल्या पोटाला ढोल म्हणणे हे रूपक आहे, आणि चांगले रूपक आहे. पण रूपक हे रूपक आहे याचा विसर पडला की त्याचे औषध बनते. चिनी वैद्यकाची सारी भाषाच रूपकांची आहे. यिन आणि यांग म्हणजे मुळात डोंगराची सावलीतली आणि उन्हातली बाजू. लाकूड, अग्नी, माती, धातू आणि जल या पाच अवस्था परस्परांना जन्म देतात आणि आवर घालतात. यकृताला सेनापती म्हटले आहे, हृदयाला राजा. ‘त्रिदहन’ नावाच्या अवयवाविषयी तर जुने ग्रंथच सांगतात की त्याला नाव आहे पण रूप नाही. ही भाषा संबंध दाखवण्यासाठी घडली आहे: ऋतूचा शरीराशी, रागाचा पोटाशी, झोपेचा भुकेशी. संबंधांची भाषा म्हणून ती वाचली तर ती माणसाला स्वतःकडे लक्ष द्यायला शिकवते. शरीररचनेचा नकाशा म्हणून वाचली तर ती माणसाला ढोलाच्या कातड्यापर्यंत नेते.

लू शुनने ती आठवण लिहिल्यानंतर तीनच वर्षांनी हा वाद शासनदरबारी पोहोचला. फेब्रुवारी १९२९ मध्ये राष्ट्रवादी सरकारच्या आरोग्य समितीपुढे यू युनशिऊ या वैद्याने जुने वैद्यक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा ठराव मांडला. यू ओसाका येथे आधुनिक वैद्यक शिकला होता. ‘नेइजिंग’वर टीका करणारा ग्रंथही त्याने लिहिला होता. म्हणजे तो परंपरेला न वाचता नाकारणारा नव्हता. ठराव मंजूर होताच देशभरचे पारंपरिक वैद्य आणि औषधविक्रेते एकत्र आले. १७ मार्च १९२९ रोजी शांघाय येथे त्यांचे अधिवेशन भरले, शिष्टमंडळ राजधानी नानजिंगला गेले आणि ठरावाची अंमलबजावणी थांबली. या संघर्षातून एक नवे नाव रूढ झाले: ‘राष्ट्रीय वैद्यक’. तोवर घराण्यांत, गावांत आणि परस्परविरोधी पंथांत विखुरलेल्या या विद्येला प्रथमच एक समान नाव, एक संघटना आणि एक प्रतिपक्ष मिळाला. नष्ट होण्याच्या भीतीने तिला एकसंध केले.

एकसंधतेचे उरलेले काम १९४९ नंतरच्या साम्यवादी शासनाने केले. १९५५ मध्ये बीजिंग येथे पारंपरिक वैद्यकाची अकादमी स्थापन झाली. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझोऊ आणि छंगदू येथे महाविद्यालये निघाली. महाविद्यालय म्हटले की पाठ्यपुस्तक आले, आणि पाठ्यपुस्तक म्हटले की निवड आली. देवधर्म, भूतबाधा आणि जादूटोणा वगळण्यात आला. परस्परविरोधी मतांना एका सूत्रात बसवण्यात आले. लक्षणसमूहावरून शरीराची स्थिती ओळखून उपचार ठरवणे, हे जे चिनी वैद्यकाचे सनातन तत्त्व म्हणून आज सांगितले जाते, त्याची मुळे जुन्या ग्रंथांत असली तरी त्याला केंद्रस्थान मिळाले ते याच दशकात. १९५८ मध्ये माओ त्से-तुंग यांनी चिनी वैद्यकाला महान भांडार म्हटले. पण ते खणून काढून उन्नत करायचे आहे, ही पुस्तीही त्यांनी जोडली होती.

रोजच्या जीवनातील सवयींचीही हीच कथा आहे. चीनमधील उद्यानांत पहाटे संथ लयीत हालचाली करणारे वृद्ध पाहिले की अनेक शतकांचे दृश्य पाहत असल्याचा भास होतो. तशा व्यायामाची परंपरा खरोखरच जुनी आहे: मावांगदुई येथील इसवी सनपूर्व १६८ मधील थडग्यात सापडलेल्या रेशमी चित्रात निरनिराळ्या व्यायामस्थितींतील ४४ आकृती होत्या. परंतु उद्यानांत सर्वाधिक केला जाणारा २४ स्थितींचा ताय-ची क्रम राज्य क्रीडा आयोगाने १९५६ मध्ये तयार करविला. लांबलचक जुना क्रम नोकरदारांना आणि विद्यार्थ्यांना झेपावा, हा हेतू. गरम पाणी पिण्याची चिनी सवय घ्या. थंड पाण्याने पोटातला अग्नी मंदावतो असे तिचे समर्थन केले जाते आणि जुन्या विचारात त्याला आधारही आहे. पण सरपण महाग असलेल्या काळात घराघरांत दिवसभर गरम पाणी असणे शक्य नव्हते. शांघायसारख्या शहरात ते दुकानातून विकत आणावे लागे. उकळलेले पाणी हा सर्वांचा नेम बनला तो विसाव्या शतकातील आरोग्यप्रचारामुळे, विशेषतः १९५२ मध्ये सुरू झालेल्या देशव्यापी स्वच्छता मोहिमेमुळे. जंतूंच्या भीतीने लागलेली सवय अग्नीच्या भाषेत बोलू लागली. यात खोटे काही नाही. सवय हितकारकच आहे. मात्र तिच्यातील तांबडी अक्षरे काळी झाली आहेत, एवढे ओळखावे.

परंपरा देशाबाहेर गेली की ही प्रक्रिया अधिक वेगाने होते. जुलै १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये असताना त्यांच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया करावी लागली. शस्त्रक्रिया नेहमीची बधिर करणारी इंजेक्शने देऊन झाली. दुसऱ्या रात्री पोटात वायू धरून अस्वस्थ वाटू लागले, तेव्हा त्यांना सुया टोचण्यात आल्या आणि बरे वाटले. हे सारे त्यांनी स्पष्ट लिहिले. तरीही केवळ सुया टोचून त्यांचे पोट उघडले गेले, ही कथा जगभर पसरली आणि आजही सांगितली जाते. अमेरिकेतील ॲक्युपंक्चरच्या लोकप्रियतेचा आरंभ असा चुकीच्या वाचनाने झाला. पुढील संशोधनात काही प्रकारच्या जुनाट वेदनांवर आणि मळमळीवर तिचा उपयोग दिसून आला. पण लुटुपुटूच्या सुयांशी तुलना केली असता हा फरक लहान राहतो, हेही त्याच संशोधनाने सांगितले.

भारतात ही विद्या आली ती एका मराठी नावाच्या सावलीत. सप्टेंबर १९३८ मध्ये राष्ट्रसभेने चीनच्या साहाय्यासाठी पाठवलेल्या पथकात पाच डॉक्टर होते. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस मुंबईत आधुनिक शल्यवैद्यक शिकलेले. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत आणि चिनी विद्यार्थ्यांना तीच विद्या शिकवीत ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच वारले. पथकातील त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू परत आले. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ती सुरू केली. पुढे कोटणीसांच्या नावाने चाललेल्या स्मारक समित्यांनी तिचा प्रसार केला. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये आणि नंतर महाराष्ट्रानेही तिला कायद्याची मान्यता दिली. आधुनिक वैद्यक चीनला देण्यासाठी गेलेल्या माणसाच्या नावाने चीनची जुनी विद्या भारतात रुजावी, ही इतिहासाची मोठी देवघेव आहे. कोटणीसांचे नाव घेऊन सुई टोचणाऱ्याने हे ठाऊक करून घ्यावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

चुकीच्या वाचनाची उदाहरणे येथवर पाहिली. आता योग्य वाचनाचे एक उदाहरण पाहू. माझ्या मते विसाव्या शतकातील ग्रंथवाचनाची ही सर्वांत फलदायी घटना असावी. २३ मे १९६७ रोजी चिनी शासनाने हिवतापावर औषध शोधण्याची गुप्त योजना सुरू केली. तारखेवरून तिला ‘५२३’ हे नाव पडले. १९६९ मध्ये बीजिंगच्या पारंपरिक वैद्यक अकादमीतील संशोधिका तू यो-यो यांच्याकडे त्यातील एक काम आले. त्या आधुनिक औषधशास्त्र शिकल्या होत्या आणि नंतर काही वर्षे त्यांनी पारंपरिक वैद्यकाचेही अध्ययन केले होते. त्यांच्या गटाने जुन्या ग्रंथांतून आणि वैद्यांकडून २००० हून अधिक योग जमवले. सुमारे २०० वनस्पतींचे ३८० वर अर्क तपासले. छिंगहाओ ही त्यांतली एक. दवण्याच्याच प्रजातीतील ही वनस्पती कधी गुण देई, कधी देत नसे.

तेव्हा तू यो-यो पुन्हा ग्रंथांकडे वळल्या. चौथ्या शतकातील गे होंग याने अडीअडचणीसाठी बाहीत बाळगता यावी अशी उपायांची एक पुस्तिका लिहिली होती. तिच्यात हिवतापावर चाळीसच्या आसपास उपाय आहेत. दाण्याच्या दोन डाळिंब्यांवर सूर्य आणि चंद्र ही अक्षरे लिहून त्या गिळाव्यात, असाही एक आहे. छिंगहाओचा उपाय एका ओळीचा: मूठभर वनस्पती ठरावीक पाण्यात भिजवावी, पिळून रस काढावा आणि तो सगळा प्यावा. शेकडो वाचकांनी ही ओळ वाचली असेल. तू यो-यो यांनी त्यात जे नाही ते वाचले. बहुतेक चिनी औषधे उकळून काढा करून देतात; येथे उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने गुण नष्ट होत असेल काय? त्यांनी कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरून अर्क काढला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाचा नमुना हिवताप झालेल्या उंदरांवर पूर्णपणे गुणकारी ठरला. रुग्णांना देण्यापूर्वी, १९७२ मध्ये, त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेतला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले, त्याने लाखो जीव वाचवले, आणि २०१५ मध्ये तू यो-यो यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या वाचनाचे सामर्थ्य कशात आहे? ग्रंथ पूज्य आहे म्हणून ओळ खरी, असे त्यांनी मानले नाही. तसे असते तर डाळिंबीवरचे सूर्यचंद्रही खरे मानावे लागले असते. ग्रंथ जुना आहे म्हणून ओळ खोटी, असेही मानले नाही. क्रियापद कोणते आले आहे आणि कोणते आले नाही, हे त्यांनी पाहिले; मग ते ग्रंथाबाहेर, प्रयोगशाळेत, तपासले. शिवाय नावाचा प्रश्न सोडवला. छिंगहाओ या एका नावाखाली एकाहून अधिक वनस्पती मोडतात, हे अकराव्या शतकातील शेन ख्वो यानेही टिपले होते. हिवतापावरचे द्रव्य त्यांतील एकीतच आहे.

नावाचा प्रश्न सुटला नाही तर काय होते, हे १९९३ मध्ये ब्रुसेल्सने पाहिले. तेथील वजन घटवण्याच्या एका उपचारात चिनी वनस्पती मिसळलेल्या गोळ्या दिल्या जात. फांग-जी या नावाने घातलेल्या चूर्णात स्टेफानिया या वनस्पतीऐवजी ग्वांग फांग-जी, म्हणजे ॲरिस्टोलोकियाची एक जात, आली होती. आपल्याकडील ईश्वरी याच प्रजातीतली. सुमारे शंभर स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली; काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. दोन नावांत एका अक्षराचा फरक होता. वजन घटवण्यासाठी महिनोन्‌महिने ही वनस्पती घ्यावी, असे कोणत्याही जुन्या ग्रंथात नव्हते. तो सारा भाग नवा होता, तांबडा होता. पण गोळीच्या बाटलीवर प्राचीनतेचा काळा शिक्का होता. तरीही सगळा दोष नव्यावर ढकलता येणार नाही. ॲरिस्टोलोकियाच्या काही जाती जुन्या ग्रंथांतही औषध म्हणून आल्या आहेत. वर्षानुवर्षांनी उमटणारे विष अनुभवी वैद्याच्याही ध्यानात येत नाही. त्यासाठी नोंदी, मोजमाप आणि तुलना लागते. ‘हजारो वर्षे लोक घेत आले आहेत’ हा युक्तिवाद येथे कोसळतो.

मग आधुनिक माणसाने या परंपरेतून रोजच्या जीवनात काय घ्यावे? माझ्यापुरते उत्तर असे आहे. ऋतू ओळखून निजण्या-उठण्याच्या वेळा सांभाळणे, रोज सावकाश चालणे, राग आणि हव्यास यांना शरीराच्या हिशेबात धरणे, आजार येण्यापूर्वी स्वतःकडे लक्ष देणे. हे ‘सू-वन’च्या दुसऱ्या प्रकरणातले शहाणपण घेण्यास कोणाची परवानगी नको आणि पैसेही नकोत. त्याची किंमत वेगळी आहे: त्यासाठी वेळ काढावा लागतो, आणि तो काढता येत नसेल तर का येत नाही हे विचारावे लागते. तो प्रश्न वैद्यकाचा नसून समाजाचा आहे, आणि गोजीच्या फळांनी तो सुटत नाही. याउलट जे गिळायचे आहे, टोचून घ्यायचे आहे, त्याला मात्र तू यो-यो यांची कसोटी लावलीच पाहिजे: नेमकी वस्तू कोणती, कोणत्या ओळीत सांगितली आहे, कोणासाठी, किती दिवस, आणि ग्रंथाबाहेर ते कोणी तपासले आहे काय?

आमच्या गुरुवर्यांनी आम्हाला पोथ्या वाचायला शिकवले तेव्हा उजव्या हाताशी एक तांबडी पेन्सिल ठेवायला सांगितले होते. पाठभेद दिसला, प्रक्षेप वाटला, की बारीक खूण करायची, खोडायचे नाही. खूण केल्याने ओवीची गोडी कमी होते, असे आम्हाला कधी वाटले नाही. वांग बिंगलाही तसे वाटले नसावे. ज्या ग्रंथावर त्याची श्रद्धा होती, त्याच ग्रंथात स्वतःचे हात वेगळे दिसावेत म्हणून त्याने दुसरी शाई घेतली. छापणाऱ्यांनी ती पुसली. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या स्वयंपाकघरांत जे आज त्या ग्रंथाच्या नावाने जगू पाहतात, त्यांना ती शाई पुन्हा एकदा, आपापल्या हाताने, भरावी लागणार आहे.